संदर्भ दिला, तरी प्रकरण परत का?

प्रश्न : अहिराणीतल्या जात्यावरच्या ओव्यांवर माझं पीएच.डी.चं काम सुरू आहे. एका इंग्रजी लेखातले चार परिच्छेद मराठीत उतरवले आणि शेवटी संदर्भ क्रमांक टाकला. सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये (इतरांच्या लेखनाशी किती जुळतं हे सॉफ्टवेअरने तपासलेला अहवाल) साम्य ६ टक्केच आलं. तरी गाईडनी प्रबंधाचं ते प्रकरण परत केलं. – एक वाचक, चोपडा

उत्तर : गाईडचं बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण तिथल्याच व्याख्येनुसार दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडणं हेसुद्धा वाङ्मयचौर्यच. सॉफ्टवेअर मुख्यतः शब्द जुळवून पाहतं. इंग्रजीचं मराठी झालं की बरंचसं त्यातून निसटतं. परीक्षकाने मूळ लेख वाचलेला असेल, तर त्याच्या नजरेतून ते निसटणार नाही.

चार परिच्छेदांना शेवटी एकच क्रमांक दिला, तर तो शेवटच्या वाक्याचाच वाटतो. आधीचं सगळं तुमच्या नावावर जमा होतं. शेताला दोन्हीकडून बांध हवा. सुरुवातीला लेखकाचं नाव, संपताना वर्ष आणि पान.

समजा, मूळ वाक्य असं आहे : ‘ओवी माहेराला उद्देशून असते, पण ऐकणारी शेजारीण असते.’ तुम्ही लिहिलंत : ‘ओवीत माहेराला साद असते, श्रोता मात्र शेजारीण.’ शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला. त्याऐवजी : ‘अमुक यांच्या मते ओवीचा खरा श्रोता शेजारीण आहे (वर्ष, पान). मी जमवलेल्या ओव्यांत मात्र जात्यालाच हाक आहे.’ दुसरं वाक्य तुमचं, हे इथे लगेच कळतं.

घोळ बहुतेकदा टिपणवहीतच होतो. जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हांत ठेवा, पान तिथेच टाका. स्वतःच्या शब्दांत लिहिताना लेख मिटून लिहा, मग ताडून पाहा. आणि समजा, इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं मत दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन मूळ पाहता आलं तर उत्तमच.

प्रश्न : ओवीला लेखक नसतो, मग श्रेय कुणाला? – एक वाचक, रावेर

उत्तर : गाणारीला. तिच्या संमतीने नाव, गाव, तालुका, ध्वनिमुद्रणाची तारीख द्या. नाव नको म्हणाली तर ‘गायिका १’ आणि गाव. अहिराणी पाठ तिने गायला तसाच ठेवा, खालच्या मराठी अर्थापुढे ‘अर्थ : संशोधक’ लिहा. तीच ओवी एखाद्या छापील संग्रहात असेल, तर त्याचं पानही द्या.