इंदूरची कादंबरी टोरंटोत पुरी करायची तर

तुम्ही विचारलंय, हुकुमचंद कापड मिलच्या वस्तीवरची कादंबरी अर्धी झालीये, मुलाबाळांसकट टोरंटोला निघालोय, उरलेली तिथे लिहून होईल का? होईल. व्हिसा आणि फीबद्दल सरकारी संकेतस्थळांवर सगळं आहे, ते सोडून देते.

आधी कागद. टोपणनावाने लिहीत असाल तर प्रकाशकाच्या करारात पासपोर्टवरचं नावही घालून घ्या, त्याच स्पेलिंगने. पॅनवर एक, पासपोर्टवर दुसरं, पुस्तकावर तिसरं असलं की मानधन अडकतं आणि परदेशातून ते निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करावं लागेल, रॉयल्टी त्यात येईल. जुन्या करपद्धतीत लेखकाला रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट आहे, पण ती भारतातल्या रहिवाशालाच.

आता लिहिणं. आपली इंदुरी मराठी हिंदीच्या संगतीत सतत बदलते, आणि गेलेल्या माणसाच्या तोंडी ती निघाला त्या वर्षाचीच राहते. म्हणून कादंबरीचा काळ पक्का करा. मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. गोष्ट त्याआधीची असेल तर लांब गेल्याने फारसं बिघडत नाही, पण त्या मिलमधले कामगार आता म्हातारे झालेत. निघण्याआधी त्यांना भेटा. पाळी कधी बदलायची, भोंगा कुठवर ऐकू यायचा, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांकीचं, म्हणजे चित्ररथाचं काम किती आधी सुरू व्हायचं, हे त्यांच्याच अर्ध्या हिंदी बोलीत फोनवर टेप करा. मिलच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत एकदा पायी जा आणि कोणत्या हाताला काय लागतं ते टिपा.

गेल्यावर घरच्यांना बारीक प्रश्न विचारा. आयरिश लेखक जेम्स जॉइसने डब्लिनपासून दूर राहून डब्लिनवरचीच 'युलिसिस' ही कादंबरी लिहिली. १९२१ साली पॅरिसहून त्याने मामीला पत्राने विचारलं, की ७, एकल्स स्ट्रीट या कादंबरीतल्या घराच्या कठड्यावरून साधारण माणूस इजा न होता खाली उतरू शकेल का. प्रश्न असाच हवा. "वस्ती कशी आहे?" असं विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर येतं. फोन रात्री साडेनऊला सराफ्यातल्या खाऊगल्लीतून करायला सांगा. उन्हाळ्यात टोरंटोत तेव्हा दुपारचे बारा असतात, आणि मागची बोलणीही कानावर पडतात.

पोह्यावर जीरावण भुरभुरलं असं लिहून पुढच्या वाक्यात जीरावण म्हणजे काय ते सांगू लागलात, तर थांबा. तुम्ही परक्या वाचकाला समजावू लागला आहात. ते वाक्य खोडा.

मुलांच्या शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते, कारण ते मला अजून सलतं. शाळेतून "घरीही इंग्रजीच बोला" असा सल्ला येतो आणि नवे आलेले आईबाप घाबरून तो मानतात. मानू नका. ओंटारिओत २५ मुलांच्या पालकांनी मागणी केली तर शाळा मंडळाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो. देवनागरी लहानपणीच हाती बसली नाही, तर तुमची कादंबरी वाचू न शकणारं माणूस तुमच्याच घरात मोठं होतं. त्यापुढे एकटेपणा मला काहीच वाटत नाही. लिहिणाऱ्याला तो इंदुरातही असतोच.

टोरंटो पुस्तकात आणायची घाई नको. पहिल्या वर्षी फक्त बर्फच सुचतो. तिथल्या घरमालकांची, पाळ्यांची, बसथांब्यांची भाषा कानात बसली की मग लिहा. आणि निघताना झालेल्या मसुद्याची एक छापील प्रत इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेतल्या कुणा जुन्या वाचकाकडे ठेवा. पुढची प्रकरणंही त्यांनाच पाठवत जा, आणि "असं इथे कुणी बोलत नाही" वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा.