पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीचं प्रॅक्टिकल कसं घ्यावं? मुलं ६०, रेडकू एकच

तुम्ही लिहिलंय की नुकतेच शिकवायला लागला आहात, बॅच ६० मुलांची, कुजू नये म्हणून फॉर्मॅलिन भरलेलं मेलेलं रेडकू वर्षाला एकच मिळतं, आणि तुमचे एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात डेमॉन्स्ट्रेशन देऊन टाका, म्हणजे एकानं कापून दाखवायचं आणि मुलांनी बघायचं, बाकीचं थ्रीडी ॲपवर दाखवा, तर एवढ्यानं भागेल का. नाही भागणार. खरं तर इथंच थांबायला पाहिजे, पण या विषयावर माझं एक जुनं दुखणं आहे त्यामुळे जरा लांबेल. घाई असेल तर सरळ शेवटी जा.

मी स्वतः डेमॉन्स्ट्रेशनवर शिकलेला डॉक्टर आहे. टेबलाभोवती बारा जण, त्यातले दोघं कायम पुढे, ब्लेड आणि चिमटा त्यांच्याच हातात, बाकीचे दहा मागे उभे राहून जर्नलमध्ये लाल-निळ्या पेन्सिलनं पुस्तकातली आकृती उतरवणार. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला वर्षभर मुख्यतः पुढच्यांचे खांदे दिसले. घोडा तर मिळालाच नाही, त्याचा चार्ट होता, खालची कड उंदरानं कुरतडलेला. तरी मला ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेत, डिस्टिंक्शन होतं. ओमोहायॉइड हा मानेतला स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कशाच्या मधून जातो, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. याचा अभिमान होता हो मला, खोटं कशाला बोलू.

मग १९९६ची लग्नसराई. पास होऊन इंदूरला घरी आलो होतो, रामबागेत घर, बाहेर नवी पाटी, आणि आईनं हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगून ठेवलेलं की आमचा आता जनावरांचा डॉक्टर झालाय. एका संध्याकाळी मल्हारगंजकडचा एक घोडीवाला बोलवायला आला. वरातीच्या घोडीला टेम्पोचा पत्रा लागून छातीला वीतभर फाटलं होतं, टाके घालायचे होते आणि ती अंगाला हात लावू देईना. म्हटलं मानेच्या शिरेतून झायलाझिन देऊ, उभ्या उभ्या गुंगी येईल. अंधार पडलेला, डोक्यावर चाळीसचा एक बल्ब, पलीकडच्या गल्लीत बँडवाले बाजे लावून बघत होते आणि त्या आवाजानं घोडी अजून बिथरत होती. मानेच्या वरच्या बाजूला हात नेला की झटका द्यायची. म्हणून मी खाली आलो, छातीच्या जरा वर, तिथे शिरेची खाच अगदी छान दिसत होती. सुईला सिरिंज लावलेलीच होती. घातली, दट्ट्या मागे ओढला, रक्त आलं, बरं वाटलं, आणि दाबलं.

अर्धं औषध अजून सिरिंजमध्येच होतं. घोडी मागच्या पायांवर सरळ उभी झाली आणि तशीच धाडकन आडवी पडली. आधी चारी पाय ताठ, मग पाय झाडायला लागली, नाल फरशीवर घासून ठिणग्या उडत होत्या. घोडीवाला तिच्या मानेवर आडवा पडून ढसाढसा रडत होता. आणि मी हातात सिरिंज घेऊन उभा, डोक्यात शपथेवर सांगतो परीक्षेतली माझीच ओळ वाजत होती, की मानेच्या वरच्या अर्ध्या भागात जुगुलर (शीर) आणि कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी धमनी) यांच्या मध्ये ओमोहायॉइड असतो. वरच्या. खाली तो नसतो, तिथे शीर थेट धमनीला टेकलेली असते, जरा खोल गेलं की औषध धमनीत आणि तिथून सरळ मेंदूत. हे मला येत होतं. लिहून मार्क घेतले होते. फक्त त्या स्नायूखाली बोट कधी घातलं नव्हतं, त्यामुळे तो कुठे संपतो हे हाताला माहीतच नव्हतं.

वीसेक मिनिटांनी घोडी उठली. अशा वेळी सगळी जनावरं उठत नाहीत. घामानं निथळत, लटपटत, पण उभी राहिली. आणि त्या माणसानं डोळे पुसले आणि खिशातून पन्नासची नोट काढली, म्हणाला, "दवाई बड़ी तेज थी, डागदर साब." मी ती नोट घेतली. टाके घालायला एका सिनियर डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनाही खरं सांगितलं नाही, म्हटलं डोसचा अंदाज चुकला. आज इथं पहिल्यांदा लिहितोय.

आता तुम्ही म्हणाल सुई आधी सुटी घालायची, थेंब थेंब काळपट आलं तर शीर, लालभडक चिळकांडी उडाली तर धमनी. बरोबर आहे. पण तेही मला कुणी हातात सुई देऊन दाखवलं नव्हतं.

पुढे दहाएक वर्षांनी मी एका कॉलेजात शिकवायला लागलो (नाव घेत नाही, माणसं अजून आहेत). तिथे डिसेक्शन हॉलला एक अटेंडंट होते, आठवी शिकलेले, स्पेसिमेनमध्ये फॉर्मॅलिन भरायचं काम त्यांचं. ते भरतात कॅरोटिडमधूनच, म्हणजे ती शोधून चीर द्यायची, नळी घालून बांधायची. त्यांना कॅरोटिड हा शब्द येत नव्हता, ते रस्सी म्हणायचे. मला म्हणाले, "साब, साँस की नली को अंगूठे से सरकाओ, पीछे रस्सी लगेगी." अंगठा घातला आणि लागली. पस्तिशीत, डिस्टिंक्शनवाल्या मला. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाचा अंगठा तिथे घालायला लावला, आधी मेलेल्यात आणि मग फार्मवरच्या जिवंत जनावरात. तिथे ती धडधडते, आणि खाचेत बोट दाबून धरलं की शीर वर कशी फुगते ते एकदा हाताला कळलं की पोरगं विसरत नाही.

मग मी अजून चाळे सुरू केले. कापडी पिशवीत हाडं, बघायचं नाही, हात घालून सांगायचं डावं का उजवं, गायीचं का घोड्याचं. गायीचं नळीचं हाड मुळात दोन जोडून झालेलं, त्यामुळे पुढून खाच लागते आणि खालच्या टोकाला दोन गाठी, घोड्याचं एकटं आणि गुळगुळीत. फार्मवरच्या एका गरीब माळवी गायीवर गेरूनं रुमेन (पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) काढला, चुन्यानं फुप्फुसाची हद्द, आणि डाव्या कुशीत शेवटची बरगडी, कमरेचं हाड आणि मणक्याच्या आडव्या काट्यांच्या मधोमध एक ठिपका, पोटफुगीत वायू काढायला ट्रोकार (टोकदार सुईची नळी) जिथे घालतात तो. गाय मजेत रवंथ करत उभी होती. पोरंही खूश होती.

तिथले एचओडी मात्र खवळले. प्राचार्यांकडे लेखी गेलं की कॉलेजच्या जनावराशी होळी खेळतात. मला केबिनमध्ये म्हणाले, ही बालवाडी आहे का, व्हायवात (तोंडी परीक्षेत) नावं विचारतात, पिशवीत हात घाला म्हणून कुणी सांगत नाही. मी तेव्हा गप्प बसलो कारण मी कॉन्ट्रॅक्टवर होतो, आणि पुढच्या वर्षी ते रिन्यू झालंच नाही. आता सांगतो सर, वाचत असाल तर, व्हायवात घोडी आडवी पडत नाही म्हणून तुम्हाला ती नावं पुरेशी वाटली.

बरं, तुमचं ६० मुलांचं. रेडकू एकच म्हणून रडू नका, त्याला डावी आणि उजवी अशा दोन बाजू आहेत. पुढचा पाय पहिल्यांदा घ्या, तो धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला असतो, सांधा नाही, हासळीचं हाड (कॉलरबोन) नाही, त्यामुळे अख्खा सुटा करून दुसऱ्या टेबलावर नेता येतो आणि गर्दी लगेच फुटते. बाकी मटणवाल्याशी दोस्ती करा. बकरीचं काळीज नाही म्हणत मी, हृदय, मूत्रपिंडं, फुप्फुसं, मुंडी, वजडी. हृदय तर प्रत्येकाला स्वतःचं एक द्या, त्यानंच कापायचं, झडपांतून बोट घालायचं. वजडी धुऊन पसरली की रुमेनचे काटे, रेटिक्युलमची (त्याच्या शेजारच्या कप्प्याची) जाळी, सगळं हाताला लागतं, ॲपवर कितीही झूम करा. (एमपीत असाल तर २००४च्या कायद्यानं गोवंशाचा वध बंद आहे, त्यामुळे तसंही बकरी आणि म्हैसच.) घरून शाकाहारी असलेली पोरं पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतात, त्यांना टोमणे मारू नका, माझ्या अनुभवात पुढे तीच जास्त नीट कापतात.

आणि टेबलावर ब्लेड दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात गेलंच पाहिजे. पुढे उभं राहणारे ते दोघं प्रत्येक बॅचमध्ये असतात, त्यांना आधी मागे पाठवा. बुटक्यांना स्टूल द्या.

एक राहिलं, हे आधी लिहायला हवं होतं. फॉर्मॅलिन थट्टेची गोष्ट नाही. त्यात असतं ते फॉर्माल्डिहाइड कॅन्सरकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलंय. आम्ही उघड्या हातांनी काम केलं आणि घरी गेल्यावर आंघोळीशिवाय आई ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही, ते मर्दानगीचं वगैरे काही नव्हतं, मूर्खपणा होता. ग्लोव्ह, चष्मा, एक्झॉस्ट चालू, स्पेसिमेन आदल्या दिवशी काढून पाण्यात ठेवा, गरोदर कुणी असेल तर तिला हॉलमध्ये बोलावूच नका. प्लास्टिनेशनचे (अवयवातलं पाणी काढून प्लास्टिक भरलेले) नमुने मिळाले तर जरूर घ्या, १९७७ मध्ये फॉन हागेन्सनं हायडेलबर्गला ते तंत्र काढलं, वास नाही, डोळ्यांची जळजळ नाही, पण त्यांना ब्लेड लावता येत नाही हे लक्षात ठेवा. आणि ॲपला मी सरसकट शिव्या देतोय असं वाटेल, तसं नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला ते उत्तम आहे, माझी मुलगी वापरते.

६० जणांचं टाइमटेबल दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये कसं बसवायचं, ते मात्र मला कधीच धड जमलं नाही. मी रविवारी मुलांना बोलवायचो, पोहे माझ्याकडून.