जीन एक्स्प्रेशनचे (म्हणजे कोणता जीन शरीरात कुठे चालू आहे त्याचे) फोटो गोळा केले की डेटाबेस तयार होतो का?

नाही हो, फोटो काढणं त्यातल्या त्यात सोपं, खरी मेहनत पुढे असते. बर्कलेच्या फळमाशी प्रोजेक्टचं बघा, तिथे एकेका जीनचा आरएनए (जीन चालू असल्याची खूण) भ्रूणात कुठे आहे ते इन सिटू हायब्रिडायझेशनने, म्हणजे त्या आरएनएला चिकटणारा "प्रोब" नावाचा तुकडा वापरून, रंगवून फोटो काढलेत. आता ईव्हन-स्किप्डसारख्या जीनचे सात पट्टे अगदी स्पष्ट दिसतात, पण एकाने "सात पट्टे" लिहिलं आणि दुसऱ्याने नुसतंच "पट्टेदार", तर सर्च कसा करणार? म्हणून अवयवांची नावं ठरलेल्या यादीतलीच घ्यायची आणि वाढीचे टप्पेही ठरलेले, १-३, ४-६, ७-८, ९-१०, ११-१२, १३-१६, प्रत्येक फोटो यातल्याच एका गटात टाकायचा. एडिनबरावाल्यांनी उंदरासाठी ईमेज नावाच्या डेटाबेसमध्ये त्याच्याही पुढे जाऊन भ्रूणाची थ्रीडी मॉडेल्स केली आणि फोटोतला रंग त्यांच्यावर बसवला, म्हणजे अवयवाचं नाव माहीत नसलं तरी नुसती जागा दाखवून जीन शोधता येतात, मला तर हे जबरदस्त वाटतं!

तुम्ही स्वतः करणार असाल तर प्रोब कोणता आणि टप्पा कोणता हे प्रत्येक फोटोसोबत लिहाच, आणि जिथे रंग आलाच नाही ते फोटोही प्लीज फेकून देऊ नका, "इथे सिग्नल दिसला नाही" आणि "इथे कुणी बघितलंच नाही" यातला फरक त्यांच्यावरूनच कळतो.