डिसेंबरमध्ये केदारकांठाला तंबूत राहायचं आहे. दुकानदार म्हणतो वॉटरप्रूफ स्लीपिंग बॅगच घ्या. घ्यावी का?

नको. ते जास्तीचे पैसे उबेवर घाला. आयएसओ 23537 या स्लीपिंग बॅगांच्या मानकानुसार दिलेला 'कम्फर्ट'चा आकडा (किती तापमानापर्यंत आरामात झोप लागेल तो) बघून बॅग निवडा, 'एक्स्ट्रीम'चा (जेमतेम जीव वाचेल तो) नव्हे.

डिसेंबरात सांकरीच्या, म्हणजे केदारकांठ्याच्या पायथ्याच्या गावाच्या, वर पडतो तो बहुतेक बर्फच, आणि कोरडा बर्फ झटकला की जातो. बॅग ओली होते ती आपल्यामुळेच. रात्रभर श्वासातून आणि त्वचेतून वाफ निघत असते. कापडाने ती बाहेर जाऊ दिली नाही, तर ती भरणातच गार होऊन साचते. डाउनची, म्हणजे बदक-हंसांची मऊ पिसं ओलसर झाली की एकमेकांना चिकटून बसतात, त्यांच्यात अडकलेली हवा जाते, आणि ऊब तर त्या हवेचीच असते. पहिल्या रात्री फारसं कळत नाही. पुढच्या मुक्कामी मात्र त्याच बॅगेत थंडी वाजायला लागते. शिवाय कापड कितीही वॉटरप्रूफ असलं, तरी बहुतेक बॅगांच्या शिवणींना रेनकोटसारखी आतून टेप नसते. पाणी सुईच्या भोकांतून शिरतंच.

तुम्हाला हवं ते दाट विणीचं नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि त्यावर 'डीडब्ल्यूआर', म्हणजे पाणी घरंगळून लावणारा लेप. दुकानात कापडावर दोन थेंब पाणी टाकून बघा. अळूच्या पानावरच्यासारखं घरंगळलं तर लेप शाबूत आहे; कापड गडद पडलं तर लेप नाही किंवा उतरलाय. बॅग भाड्याने घेणार असाल तर सांकरीतही हे करून बघाच, कारण मळाने आणि अंगाच्या तेलाने लेप निकामी होतो. स्वतःच्या बॅगेचा लेप मंदावला तर डाउनसाठीच्या साबणाने धुऊन ड्रायरमध्ये मंद आचेवर पूर्ण वाळवा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. नाहीतर वरून मारायचा स्प्रे मिळतो.

आता तंबू. पहाटे तंबूच्या आतल्या अंगाला पांढरं हिव धरलेलं असतं. कुणाचं कोपर लागलं की ते भुरभुर बॅगेवर पडतं. ते वितळायच्या आत कोरड्या फडक्याने झाडून टाका. पायाकडची बाजू तंबूला टेकू देऊ नका आणि वरची हवेची झडप थंडी वाजते म्हणून बंद करू नका. तोंड बॅगेत खुपसून तर अजिबात झोपू नका, श्वासाची सगळी वाफ पिसांत जाते. त्यापेक्षा कानटोपी आणि बफ (गळ्या-तोंडाभोवतीची कापडी नळी) घाला. ऊन आलं की बॅग उलटी करून तासभर पसरा. पुढचा मुक्काम गाठायची घाई असली तरी हे चुकवू नका.

तंबूशिवाय उघड्यावर झोपणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे बॅगेवरून चढवायचं, वाफ बाहेर जाऊ देणारं बिव्ही कव्हर लागेल. सह्याद्रीत पावसाळ्यात मी डाउन नेतच नाही; तिथे सिंथेटिक भरण बरं, ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं.

आणि सॅकमध्ये बॅग ठेवताना आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पिळून बांधा. चालताना वरून पडणाऱ्या बर्फापासून तेवढं संरक्षण पुरतं.