सेट केलेला आवाज लाइट गेल्यावर जातो कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुडाळजवळ आमचं छोटं भजनी मंडळ आहे. यंदा गणपतीसाठी सेकंडहँड डिजिटल पियानो घेतला. त्यात प्रीसेट म्हणून आवाजांची भली मोठी यादी आहे, यूजर म्हणून अजून एक यादी आहे पण त्यात सगळे आवाज प्रीसेटसारखेच वाटतात, आणि लेयर नावाचं एक बटण आहे. मी पियानो आणि स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या वाद्यांच्या ताफ्याचा आवाज) एकत्र करून मस्त आवाज जमवला होता, तेवढ्यात लाइट गेली आणि परत आल्यावर सगळं गायब, नुसता साधा पियानो. वाद्य बिघडलंय का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही हो, काही बिघडलेलं नाही, दुरुस्तीला अजिबात नेऊ नका. तुम्ही जे जमवलं ते वाद्याच्या तात्पुरत्या मेमरीत होतं, सेव्ह केलेलं नव्हतं, म्हणून करंट गेला तसं तेही गेलं. लाइट गेली नसती तरी कदाचित गेलं असतं, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये ऑटो पॉवर ऑफ असतो, काही वेळ कोणी वाजवलं नाही की वाद्य आपोआप बंद होतं आणि चहा पिऊन येईपर्यंत सगळी मेहनत पुसलेली असते. तो ऑटो ऑफ सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा.

आता प्रीसेट म्हणजे कंपनीने कारखान्यात भरून दिलेले आवाज. ते कायमचे असतात, तुम्ही कितीही बटणं दाबलीत तरी पुसले जात नाहीत, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. यूजर म्हणजे तुमच्यासाठी ठेवलेल्या जागा. त्या नवीन असताना बऱ्याच वाद्यांत प्रीसेटच्याच कॉपीने भरलेल्या असतात, म्हणून तुम्हाला दोन्ही याद्या सारख्या वाटल्या. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बहुतेक डिजिटल पियानोत यूजरमध्ये नवा आवाज रेकॉर्ड होत नाही, फक्त सेटिंग साठवलं जातं, म्हणजे कुठला आवाज, किती मोठा, रिव्हर्ब म्हणजे घुमारा किती, ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक कुठलं, वगैरे. मूळ आवाज प्रीसेटच्या मेमरीतूनच येतो.

लेयर म्हणजे एकच पट्टी दाबली की दोन आवाज एकदम. तुम्ही भजनातले, तुम्हाला हे सांगायलाच नको, पेटीत खर्ज आणि नर सूर एकत्र बोलतात तसंच. फरक एवढाच की इथे दोन्हींचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. पियानो आणि स्ट्रिंग्ज दोन्ही फुल ठेवतात. पियानोचा सूर वाजला की लगेच विरायला लागतो पण स्ट्रिंग्ज बोट उचलेपर्यंत तसेच राहतात, म्हणून दोन्ही सारखे ठेवले तर थोड्या वेळाने नुसते स्ट्रिंग्जच ऐकू येतात आणि बुवांचा आवाज त्याखाली दबतो. स्ट्रिंग्ज इतके खाली आणा की बंद केल्यावर काहीतरी गेलंय एवढंच कळलं पाहिजे. माझ्या मते भजनाला तेवढेच पुरतात.

दुसरं म्हणजे गजर. रूपावलीला, अभंगाला जो लेयर छान वाटतो तो गजराची लय चढली की फसतो, कारण काही स्ट्रिंग्ज हळूहळू फुलतात, पट्टी दाबल्यावर सूर पूर्ण यायला वेळ घेतात. पियानो ठोक्यावर येतो, स्ट्रिंग्ज मागून येतात, आणि पखवाजवाल्याला वाटतं पेटीवाला मागे पडतोय. तेव्हा नावात स्लो लिहिलेले स्ट्रिंग्ज गजराला घेऊ नका. त्यापेक्षा दोन यूजर जागा करा, एक अभंगासाठी लेयरवाली आणि एक गजरासाठी नुसत्या पियानोची किंवा ऑर्गनची, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा म्हणजे चालू भजनात एका बोटाने बदलता येईल.

सेव्ह करायच्या बटणावर कुठे राइट, कुठे स्टोअर, कुठे मेमरी असं लिहिलेलं असतं. यामाहा आवाजाला व्हॉइस म्हणते, रोलंड आणि कॅसिओ टोन म्हणतात, कॉर्गच्या काही कीबोर्डवर प्रोग्राम, त्यामुळे मॅन्युअल वाचताना गोंधळू नका. मॅन्युअलमधल्या क्रमाने जागेचा नंबर निवडून सेव्ह करायचं, मग वाद्य मुद्दाम बंद करून परत चालू करायचं आणि आवाज आहे का ते बघायचं. हे घरीच करा, लोकांच्या अंगणात नको. तेव्हाच ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायचं सेटिंग, तेही तपासा, कारण बुवा काळी एकमध्ये गात असतील आणि तुम्ही पांढरी एकच्या बोटांनी वाजवत असाल तर +१ लावावं लागतं, आणि काही मॉडेलमध्ये ते यूजर जागेबरोबर सेव्ह होतं, काहींत होत नाही. नसेल होत तर वाद्यावरच कागदाची पट्टी चिकटवून लिहून ठेवा.

आज एका बटणाचं हे काम वाटतं पण सिंथेसायझर, म्हणजे नॉब फिरवून आवाज घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवणारे एकेकाळी प्रत्येक नॉब कुठे होता ते कागदावर काढून ठेवायचे. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ नावाचा सिंथेसायझर आला, त्यात ४० आवाज साठवता यायचे, आणि मग स्टेजवर एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाणं सोपं झालं. जुन्या सिंथमध्ये ही मेमरी आतल्या बॅटरीवर टिकायची, त्यामुळे कोणी जुना सिंथ घेतला असेल आणि सेव्ह केलेलंही उडत असेल तर ती बॅटरी संपलेली असू शकते. आणि फॅक्टरी रीसेट मारण्याआधी दहा वेळा विचार करा, त्याने यूजरमधलं सगळं जातं. यूएसबीवर बॅकअपची सोय असेल तर आजच घ्या.

प्रश्न : डिजिटल पियानोवर लेयर लावून, सूर धरून ठेवायचं पेडल दाबून वाजवलं की आधीचे सूर मध्येच तुटतात. खाऱ्या हवेने खराब झाला का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खाऱ्या हवेने पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट खराब होतात हे खरं, पण मग ठरावीक पट्टीच दगा देते, वाजत नाही किंवा एकदम जोरात वाजते. तुमचं लक्षण वेगळं आहे, ते पॉलिफोनीचं. वाद्य एका वेळी ठरावीक संख्येइतकेच आवाज काढू शकतं, यामाहा पी-४५ मध्ये ही संख्या ६४ आहे, मोठ्या वाद्यांत १२८ किंवा त्याहून जास्त. ६४ खूप वाटतात, पण स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज वेगळा असलेला पियानो एका पट्टीला दोन घेऊ शकतो, वर लेयरमधले स्ट्रिंग्जही स्टीरिओ असतील तर अजून दोन, म्हणजे पट्टीमागे चार आणि हिशोब १६ सुरांवर येतो. पेडल दाबून दोन्ही हातांनी कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवत वर-खाली गेलात की १६ केव्हाच होतात, मग वाद्य सहसा जुने सूर सोडून देतं. कॉर्ड बदलताना पेडल उचलायची सवय लावा, आणि लेयरमधल्या एका आवाजाला पेडल लागू नये असं सेटिंग काही मॉडेलमध्ये असतं, ते मिळालं तर स्ट्रिंग्जचं पेडल बंद करून टाका, बराच फरक पडेल.

प्रश्न : मोबाइल कीबोर्डला केबलने जोडून पेटीसारखा रीड ऑर्गन हवा म्हणून यादीतला २१ नंबर पाठवते तर अकॉर्डियन वाजतो. असं का? – एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : १९९१ च्या जनरल मिडी यादीत, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी ठरवलेल्या एकाच नंबरांच्या यादीत, १२८ आवाज आहेत, त्यात रीड ऑर्गन २१ आणि अकॉर्डियन २२. यादी १ पासून मोजते आणि तुझं ॲप ० पासून मोजत असणार, म्हणून एकाने पुढचा आवाज येतो. २० पाठव, रीड ऑर्गन येईल. आणि तू स्वतः सेव्ह केलेले यूजर आवाज या १२८ मध्ये सापडायचे नाहीत, ते वेगळ्या बँकेत, म्हणजे आवाजांच्या वेगळ्या गटात असतात, त्यासाठी आधी बँक सिलेक्टचे ० आणि ३२ हे दोन कंट्रोल नंबर पाठवून मग प्रोग्राम, म्हणजे आवाजाचा नंबर पाठवावा लागतो, त्यात कुठल्या किमती भरायच्या त्याचा तक्ता मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत असतो.