हरला तर पोरगं खचेल का? बोचिया खेळणाऱ्या एका मुलाच्या आईची गोष्ट

दिव्यांग मुलांचे आईबाबा माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न बहुतेक वेळा येतोच, की ताई स्पर्धेत उतरवलं आणि हरला तर खचेल का हो, आधीच त्याच्या वाट्याला काय कमी आलंय. म्हणून एका आईची गोष्ट सांगते, परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मुलगा १४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही, चारही हातापायांवर परिणाम, बोलणं थोडंच पण डोकं एकदम तल्लख. तो बोचिया खेळतो. पांढऱ्या बॉलच्या जास्तीत जास्त जवळ आपले सहा बॉल न्यायचे असा हा खेळ, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्यांना हाताने बॉल टाकता येत नाही ते बीसी३ गटात, ते रॅम्पवरून, म्हणजे उतरत्या पन्हाळीवरून बॉल सोडतात, काहीजण तर डोक्याला बांधलेल्या पॉइंटरने. रॅम्प हलवायला एक असिस्टंट असतो, बऱ्याचदा आई नाहीतर बाबाच. पण त्याने कोर्टाकडे पाठ करूनच बसायचं, वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही, नाहीतर पेनल्टी. रॅम्प किती सरकवायचा ते खेळाडू सांगणार.

ह्या मुलाची असिस्टंट त्याची आईच. म्हणजे तिला मॅच दिसायचीच नाही, दिसायचा फक्त पोराचा चेहरा, आणि त्याचं तोंड जरा वाकडं झालं की हिच्या पोटात गोळा. एका मॅचला तो हरला, ही तिथेच रडली आणि त्याला म्हणाली, माझंच चुकलं रे बाळा, मी रॅम्प नीट लावला नाही. त्यानंतर तो तिच्याशी बोलेना, नीट जेवेना. हिला वाटलं हरल्यामुळे खचला, आता खेळ बंद करावा.

मी आईला बाहेर बसवलं आणि त्याच्यापुढे त्याचा बोलण्यासाठीचा चित्रांचा तक्ता ठेवला. त्याने रागाचं चित्र दाखवलं. कोणावर? आई. का, ते कळायला बराच वेळ लागला, पण त्याने जोर लावून सांगितलंच, "मी चुकलो. मी."

एवढंच होतं हो. रॅम्पची दिशा त्याने ठरवली होती, नेम त्याचा चुकला होता, आणि आईने ती चूकसुद्धा स्वतःकडे घेतली. ह्या मुलांचं कपडे घालणं, भरवणं, उचलणं सगळं दुसऱ्याच्या हातात असतं, त्यात स्वतःची म्हणावी अशी एक हार मिळाली तर ती तरी त्याची राहू द्या ना. बघणारे "बिचारा" म्हणतात तेवढं पुरे आहे.

आईला सांगितलं, रडू आलं तर रडा, पण "माझं चुकलं" नको, आणि घरी जाताना मॅचचा विषय त्याने काढला तरच. मूल दोन-तीन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, सरावाचं नाव काढलं की घाबरत असेल तर मात्र समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना जरूर दाखवा.

तो अजून खेळतोय, नंतरही हरलाय. आता म्हणतो रॅम्पला कॉलेजमधला मावसभाऊ हवा, आईने प्रेक्षकांत बसायचं. आईला ते फार लागलंय, सध्या आमचं बोलणं त्यावरच चालू आहे.