फरशी फोडण्याआधी हे करून बघा

खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून लगेच फरशी फोडायला घेऊ नका. आधी बाथरूमचा कॉक रात्रभर बंद ठेवा आणि नळाची लाइन तपासून घ्या. ती ठीक असेल तर नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या तोंडाच्या) जाळीतून बादलीभर रंगीत पाणी थेट आत सोडा, फरशी मात्र कोरडी राहू द्या. संकन स्लॅबच्या (बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबच्या) भरावात पाणी मुरतं, त्यामुळे एक-दोन दिवस वाट बघा. रंग खाली उतरला तर पाइप किंवा ट्रॅपचा जॉइंट गेलाय. नाही उतरला, तर ट्रॅपला बोळा मारून फरशीवर इंचभर पाणी साठवा. मग ठिबकलं तर दोष टाइल्सच्या सांध्यांचा किंवा वॉटरप्रूफिंगचा. प्लंबर ‘सगळंच काढावं लागेल’ म्हणेलच, पण त्याला ही चाचणी आधी दाखवा.